अधिक-उणे तीस टक्के

साम्प्सा, खुर्ची ओढ.
तुझ्या पडद्यावर साडेदहा लाख युरो आलेत,
माझ्या वहीत सव्वाबारा.
बाष्पक एकच, चाळीस घनमीटरचा,
अजून कुणीच न पाहिलेला.
त्याचा नकाशा म्हणजे एक वर्तुळ, दोन बाण
आणि यार्मोच्या कॉफीचा डाग.

तुझं गणित चुकलेलं नाही.
सोळा घनमीटरचा जुना भाव घेतलास, अठ्ठ्याण्णव सालचा,
तेव्हाच्या मार्कांत अठरा लाख.
त्याचे युरो केलेस, महागाईने दुप्पट केलेस,
आणि आकार अडीचपट, म्हणून पैसा पावणेदोनपट धरलास.
बरोबर. भांडं वाढतं पोटाने,
पत्रा लागतो कातडीला.
हे कळलं तेव्हा मी तेवीस वर्षांची होते,
घरी जाऊन आईची सगळी पातेली
एकात एक घालून पाहिली होती.

पण तो अठरा लाखांचा ठिपका,
ज्याच्यातून तुझी रेघ एवढी ऐटीत गेलीय,
त्याला मी ओळखते.
कन्नुसला वेइक्को हाउतालाचं वर्कशॉप होतं.
जानेवारी महिना, उणे सव्वीस.
अकरा वेल्डर उपड्या पिंपाभोवती पत्ते खेळत होते,
हातमोजे काढून,
कारण ते घालून पिसता येत नाही.
वेइक्कोने आधी एकवीस लिहिले.
मग खिडकीबाहेर पाहिलं.
बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.
एकवीसवर काट मारून म्हणाला,
अठरा. पण काम सोमवारपासून.

त्या तीन लाखांवर मला बढती मिळाली.
खरं सांगते, मी घासाघीस केलीच नव्हती.
नुसती गप्प बसले होते.

तेव्हा अठरा ही बाष्पकाची किंमत नव्हे.
अठरा म्हणजे बाष्पक वजा
एका माणसाचा रिकामा हिवाळा.
हातचे तीन राहिले,
ते आजवर कुणी मिळवलेच नाहीत,
आणि तू तो हिवाळा मोठा करून, निर्देशांक लावून
नव्या कारखान्यात बसवायला निघालास.

माझा भाऊ मार्चमध्ये खाडीवर मासे धरायला जातो.
दर पन्नास पावलांना भोक पाडतो, गज घालून मोजतो,
मगच पुढचं पाऊल.
कोक्कोलात सगळ्यांना ठाऊक आहे :
सरासरी चाळीस सेंटीमीटर बर्फातही
माणूस बुडतो.

आता यार्मो येईल. दारातूनच म्हणेल,
राइली, एकच आकडा दे,
बोर्डाला तुझं अधिक-उणे समजत नाही.
देऊ. पंप, पाइप, पाया, वायरिंग धरून
साडेतीनपट करून देऊ.
खाली बारीक अक्षरात तीस टक्केही लिहू.
पहिल्या प्रतीत ते राहतील,
दुसरीत तळटीप होतील,
तिसऱ्या प्रतीपासून आकडा एकटा फिरेल
या थंडीत, बिनटोपीचा,
आणि दोन वर्षांनी कुणीतरी मला घरी फोन करून विचारेल
की तुम्ही असं कसं म्हणालात.
म्हणू दे. जूनमध्ये मी निवृत्त होतेय,
फोन उचलेन की नाही, त्याचा अंदाज
मलाही नाही.

वेइक्कोने पुढे वर्कशॉप विकलं.
आता तिथे हिवाळ्यात लोकांच्या बोटी ठेवतात.

तुझ्या त्या प्रोग्रॅममध्ये शेऱ्याचा रकाना आहे ना?
किती अक्षरं मावतात?
ऐंशी?
पुष्कळ झाली.
लिही : हाउताला, कन्नुस. खरा भाव एकवीस.
तीन लाख थंडीचे.

हसतोस काय, लिही.
आणि मी गेल्यावर
‘थंडीचे’ खोडू नकोस.